लॉकडाऊनमध्ये एचआयव्ही कमी झाला? तो ८५ हजारवाला मेसेज नीट वाचूया

परत तो मेसेज फिरायला लागलाय. १ डिसेंबर, जागतिक एड्स दिन, जवळ आला की येतोच. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यात म्हटलंय की २०१९-२० मध्ये देशात असुरक्षित संबंधांतून एचआयव्ही झालेले १ लाख ४४ हजार लोक होते, लॉकडाऊनच्या वर्षात म्हणजे २०२०-२१ मध्ये ते ८५ हजारांवर आले, म्हणजे लोक घरात बसले आणि रोग थांबला. पुढे म्हणतात, एचआयव्हीच्या गोळ्या तर सरकार तीन-तीन महिन्यांच्या देतच होतं. कोविडचा त्रास सगळ्यांनाच झाला, गे आणि तृतीयपंथी लोकांना काही वेगळा झाला नाही. आणि मग शेवटी खऱ्या मुद्द्यावर येतात, की या लोकांसाठी वेगळ्या संस्था, वेगळी क्लिनिकं, वेगळा पैसा हवाच कशाला, तेव्हा सगळं बंद होतं तरी काय बिघडलं?

मी मुंबई-ठाणे पट्ट्यात या लोकांसाठीच्या एचआयव्हीच्या कामात आहे, आधी पीअर होतो, म्हणजे समाजातलाच साथी कार्यकर्ता, नंतर आउटरीच वर्कर (वस्तीत जाऊन काम करणारा) झालो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेतो.

"१.४४ लाखांचे ८५ हजार झाले"

आकडा खोटा नाहीये, हे आधीच सांगतो. ८५,२६८ हा आकडा नॅकोनेच, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेनेच, माहिती अधिकारात दिलेला आहे आणि एप्रिल २०२२ मध्ये तो सगळ्या पेपरांत छापून आला होता. प्रश्न हा आहे की तो आकडा कशाचा आहे. तो त्या वर्षात लागण झालेल्या लोकांचा नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, जाऊन टेस्ट केली, पॉझिटिव्ह निघाले आणि काउन्सेलरने विचारल्यावर संबंधांतून झालं असं सांगितलं, अशा लोकांचा तो आकडा आहे. म्हणजे सापडलेल्यांचा. एचआयव्हीची लागण झाल्यावर माणूस आठ-आठ दहा-दहा वर्षं ठणठणीत दिसू शकतो, त्यामुळे आज सापडलेला माणूस २०१२ ला लागण झालेलाही असू शकतो आणि आज लागण झालेला माणूस २०३० पर्यंत सापडणारही नाही, टेस्ट केलीच नाही तर.

हे पटत नसेल तर नॅकोचेच दुसरे आकडे बघा. २०१९ मध्ये देशात नवीन लागण साधारण ६९ हजार लोकांना झाली असा त्यांचा अंदाज होता, आणि २०२१ साठीचा अंदाज साधारण ६३ हजारांचा. घट आहे, पण ती दहा टक्क्यांच्या आतली. आणि मेसेजमधली घट किती, तर ४१ टक्के! एकाच देशात एकाच काळात एक आकडा दहा टक्क्यांनीसुद्धा पडत नाही आणि दुसरा ४१ टक्क्यांनी पडतो, याचं कारण दुसरा आकडा रोगाचा नाहीच, तपासणीचा आहे.

अजून एक हिशोब. त्याच माहिती अधिकाराच्या उत्तरात २०११-१२ चा आकडा २.४ लाख होता. तिथून १.४४ लाखांवर यायला आठ वर्षं लागली, म्हणजे वर्षाला सरासरी १२ हजारांनी कमी. आणि मग एका वर्षात एकदम ५९ हजारांनी कमी? त्या एका वर्षात असं कुठलं औषध आलं, कुठली लस आली? काही नाही. आलं ते लॉकडाऊन. आयसीटीसीतले टेक्निशियन आणि काउन्सेलर कोविड ड्युटीवर गेले, ओपीडी बंद पडल्या, संस्थांचे टेस्टिंग कॅम्प बंद झाले, आणि लोकांना हॉस्पिटलची पायरी चढायचीच भीती वाटत होती. पोलीस स्टेशनला कुलूप लावलं तर त्या महिन्यात चोरीच्या तक्रारी शून्य येतील, म्हणून चोर गेले असं कोणी म्हणेल का?

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. एड्स, टीबी, मलेरियासाठी पैसा देणारा ग्लोबल फंड ज्या देशांत पैसा देतो तिथला त्यांचा स्वतःचा हिशोब आहे, २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये एचआयव्हीच्या टेस्ट २२ टक्क्यांनी घसरल्या आणि प्रतिबंधाच्या कार्यक्रमांतून पोचलेले लोक ११ टक्क्यांनी कमी झाले.

तो आकडा लोकांनी स्वतः सांगितलेल्या कारणावर बेतलेला आहे, हे नॅकोने उत्तरात सांगितलंय. आता टेबलापलीकडे अनोळखी काउन्सेलर, बाहेर रांग, दार अर्धं उघडं, अशा ठिकाणी लग्न झालेला माणूस पुरुषाशी संबंध आहेत असं सहज सांगतो का? आमच्याकडचे कितीतरी जण तिथे 'बाईकडे गेलो होतो' असंच सांगून येतात. त्यामुळे आमचा समाज त्या आकड्यात आधीच धूसर आहे, आणि त्याच आकड्यावरून आमच्या सेवा बंद करा म्हणणं मला फार लागतं.

"लोक घरात बसले, रोग थांबला"

पहिले काही आठवडे भेटीगाठी कमी झाल्या हे खरंय. पण वर्षभर? शक्य तरी आहे का ते? लोक भेटत होते, फक्त लपून आणि घाईत भेटत होते, आणि कंडोम नव्हते. आपल्याकडे एमएसएम (पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष) आणि टीजी (ट्रान्सजेंडर) लोकांना कंडोम मेडिकलमधून मिळत नाहीत, म्हणजे मिळतात पण घेत नाहीत, गल्लीतल्या मेडिकलवाल्याला काय सांगणार आणि ल्यूब तर मागायचीच सोय नाही. ते मिळतं पीअरकडून, साइटवर, नाहीतर डीआयसीमध्ये, म्हणजे संस्थेच्या ड्रॉप-इन सेंटरमध्ये. साइट म्हणजे स्टेशन, बाग, सुलभ, मैदान. सगळं बंद, आणि पीअरला रस्त्यावर पोलिसाचा दांडा.

पेपचं, म्हणजे लागण टाळायच्या तातडीच्या गोळ्यांचंही तेच. कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली तर ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू कराव्या लागतात, नंतर उपयोग नाही. संचारबंदीत ७२ तासांत कोण कुठे पोचणार होतं, ते पण कशासाठी बाहेर पडलास हे नाक्यावर सांगून? सुरक्षा क्लिनिकमधले गुप्तरोगाचे उपचारही अडकले, आणि गुप्तरोगाची जखम असेल तर एचआयव्हीची लागण सहज होते.

ज्यांच्या गोळ्या तुटल्या त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, परत वर जातो. रोज गोळी घेणारा, व्हायरस दबलेला माणूस संबंधांतून दुसऱ्याला एचआयव्ही देत नाही, हे आता जगभर सिद्ध झालेलं आहे, आमच्या कामातली सगळ्यात आनंदाची गोष्ट हीच आहे. पण ते गोळी चालू असेपर्यंतच. म्हणजे गोळी तुटली की त्या माणसाचंही नुकसान आणि त्याच्या जोडीदाराचंही.

"गोळ्या तर सरकार देतच होतं"

यावर मला जरा सविस्तर बोलायचंय कारण हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच लोकांना पटतो.

श्रेय द्यायचं तिथे देतो. लॉकडाऊन लागल्या लागल्या नॅकोने सूचना काढल्या, जे स्थिर आहेत त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, पेशंट येऊ शकत नसेल तर घरच्यांकडे द्या, आपलं सेंटर लांब असेल तर जवळच्या एआरटी सेंटरवरून (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते) घेऊ द्या. चांगल्या सूचना होत्या, त्यामुळे बरेच लोक तरले, आणि सेंटरवरच्या कितीतरी लोकांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून काम केलं.

पण सूचना ज्याच्यासाठी लिहिली तो माणूस कोण होता ते बघा. घरच्यांना माहितीये, जवळच्या सेंटरवर जायला हरकत नाही, असा माणूस. आमची माणसं नेमकी उलटी आहेत. आमच्यातले खूप जण मुद्दाम लांबचं सेंटर निवडतात, राहायला नालासोपाऱ्यात आणि गोळ्या मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलातून, कारण जवळच्या सेंटरवर शेजारची मावशी आया म्हणून असू शकते. आता लोकल बघा. २२ मार्च २०२० च्या रात्रीपासून बंद. १५ जूनला सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी, बायकांना ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली, आणि सर्वसामान्य माणसाला १ फेब्रुवारी २०२१ ला, ती पण ठराविक वेळेत. म्हणजे दहा महिने! खाजगी गाडी करून नालासोपाऱ्याहून परळला जायचं तर ज्याचा पगारच बंद आहे तो कुठून पैसे आणणार? मोठी हॉस्पिटलं कोविडची झालेली, नायर तर एप्रिल २०२० मध्ये पूर्ण कोविडसाठी दिलं होतं, त्यामुळे आत जायलाही लोक घाबरायचे.

जे गावी परत गेले त्यांचं अजून वेगळं. जवळच्या एआरटी किंवा लिंक एआरटी सेंटरवर (त्याला जोडलेलं छोटं केंद्र) जा म्हणणं सोपं आहे, पण तालुक्याच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट वर्गमित्र निघतो, आणि त्या खिडकीशी उभं राहिलं की संध्याकाळपर्यंत गावात झालं.

आणि नाका. बाहेर पडलेल्याने एआरटीचं पुस्तक (उपचारांची नोंदवही) दाखवायचं, म्हणजे पोलीस सोडतील. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की माणसाची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायची नाही. कायदा तसा, आणि नाक्यावर ते पुस्तक उघडून आधी पोलिसाने वाचायचं, मग त्याच्याबरोबरच्या होमगार्डने, आणि मागे दुचाकीवर ओळखीचा कोणी उभा असेल तर त्यानेही. काही जण त्यापेक्षा गोळी तुटली तरी चालेल म्हणून परत फिरले. मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

मग गोळ्या पोचवल्या कोणी? पीअरनी. हे काम कसं चालायचं ते सांगतो कारण हे कुठल्या रिपोर्टात येत नाही. आधी फोनवरून यादी करायची, कोणाच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात. मग सेंटरवर जाऊन सगळ्यांच्या बाटल्या घ्यायच्या. बाटलीवरचं लेबल ओल्या फडक्याने काढायचं, सगळं निघत नाही, डिंक राहतो, तो नखाने खरवडायचा. महिन्याच्या ३० गोळ्या असलेली बाटली हलवली की खुळखुळते आणि घरात लगेच कोणीतरी विचारतं कसला आवाज, म्हणून झाकण उघडून वर कापूस दाबून भरायचा. मग भाजीच्या पिशवीत घालून द्यायला जायचं, ते पण दारात नाही, किराणाच्या रांगेत नाहीतर बिल्डिंगच्या मागे. ज्याच्या हातात द्यायची तो मास्क लावून आलेला, एक शब्द न बोलता पिशवी घेऊन जायचा. व्हिटॅमिनच्या डब्यात भरून गोळ्या घेणारे आहेत, तांदळाच्या डब्यात लपवणारे आहेत. एका मुलाचा फोन मला अजून आठवतो, दोन खोल्यांत सहा माणसं, दिवसभर सगळे घरात, गोळी काढायला एकांतच नाही, तो संडासात गोळी घ्यायचा आणि पाणी पण आत नेता यायचं नाही म्हणून कोरडी गिळायचा. फोनवर काउन्सेलिंग करा म्हणतात, तो मुलगा फोनवर फक्त हो आणि नाही बोलायचा, बाकी मी प्रश्न असा विचारायचा की हो-नाहीत उत्तर येईल.

हे काम 'सरकार देतच होतं' या तीन शब्दांत बसत नाही. सरकारने गोळी सेंटरपर्यंत आणली. सेंटरपासून तोंडापर्यंत ती ज्यांनी नेली त्यांचाच कार्यक्रम बंद करा असं हा मेसेज सांगतोय.

आणि तीन महिन्यांची सोय आधीपासून गोळी चालू असलेल्या, स्थिर असलेल्या माणसासाठी होती. जो नवीन पॉझिटिव्ह निघाला त्याला सेंटरवर जाऊनच सुरुवात करावी लागते, तपासण्या कराव्या लागतात. व्हायरल लोड बघायच्या मशीन आणि त्या चालवणारी माणसं कोविडच्या आरटीपीसीआरकडे वळली, त्यामुळे कोणाची गोळी काम करत नाहीये हे कळायलाच उशीर. पुढे जुलै २०२२ मध्ये तर दिल्लीत नॅकोच्या ऑफिसबाहेर एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांना गोळ्यांच्या तुटवड्यावरून धरणं धरावं लागलं, महिनाभरापेक्षा जास्त चाललं ते.

"त्रास सगळ्यांनाच झाला"

झाला. कोणी नाही म्हणत नाही. पण मार्च २०२० च्या शेवटी हैदराबादेत पोस्टर लागले होते की हिजड्यांना दुकानांजवळ येऊ देऊ नका, त्यांच्याशी बोललात तर कोरोना होईल, त्यांना हाकलून लावा. तुमच्या जातीच्या, तुमच्या सोसायटीच्या नावाने असा पोस्टर लागला होता का? ज्या समाजाला रोगाचं घर म्हणून भिंतीवर लिहिलं जातं तो समाज टेस्ट करायला बाहेर कसा पडेल?

उत्पन्न बघा. बधाई (आशीर्वाद देऊन मिळणारे पैसे) बंद, कारण लग्नं-बारशी बंद. मंगती (पैसे मागणं) बंद, कारण लोकल आणि सिग्नल रिकामे. धंदा बंद. कोल्हापूर-सांगलीकडच्या जोगत्यांचा जोगवा बंद, यात्रा बंद. केंद्राने तृतीयपंथी व्यक्तींना १५०० रुपये दिले, चांगलं केलं, पण ते देशभरात पोचले जवळजवळ ७ हजार लोकांना. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात ४ लाख ८८ हजार लोक होते, आणि तो आकडाही कमी धरलेला आहे हे सगळ्यांना माहितीये. बाकीच्यांकडे रेशनकार्ड नाही, आधारवर जुनं नाव, बँक खातं नाही. डेऱ्यात, म्हणजे गुरू-चेले एकत्र राहतात त्या घरात, गुरूंनी साठवलेलं होतं तोवर चेल्यांना जेवण मिळालं, मग उसनवारी. रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळतं, उलटी होते, म्हणून लोक गोळी टाळायचे. हे मी डेऱ्यात बसून ऐकलेलं आहे. आमच्या ताईने सरळ सांगितलं, आधी तांदूळ आण मग गोळीचं बोल. तेव्हापासून आम्ही रेशनचं किट आणि गोळ्या एकाच पिशवीत द्यायला लागलो.

आणि ज्या गे, लेस्बियन, ट्रान्स मुलांना कॉलेज आणि हॉस्टेल बंद झाल्यावर घरी जावं लागलं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना घरात मार होता, स्थळं बघणं होतं, फोन काढून घेणं होतं. 'घरात सुरक्षित रहा' हे वाक्य त्यांच्यासाठी लिहिलेलं नव्हतं.

"मग वेगळे कार्यक्रम कशाला"

कारण लागण सगळीकडे सारखी पसरलेली नाही. २०२१ मध्ये देशातल्या सगळ्या प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण ०.२१ टक्के होतं. त्याच वर्षीच्या नॅकोच्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ते ३.२६ टक्के आणि हिजडा व ट्रान्सजेंडर लोकांत ३.७८ टक्के निघालं. पंधरा-अठरा पट. २०१७ ला हेच आकडे २.६९ आणि ३.१४ होते. ही वाढ सगळी कोविडमुळे झाली असं मी म्हणणार नाही, पाहणीच्या जागा आणि पद्धत बदलली की आकडे हलतात. पण लॉकडाऊनमध्ये रोग थांबला म्हणणाऱ्याने निदान हे आकडे बघून मग बोलावं.

२०२१ ला देशात २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांतल्या ७७ टक्के लोकांनाच आपली स्थिती माहीत होती. उरलेले पाच-साडेपाच लाख लोक आपणहून आयसीटीसीत येणार नाहीत. त्यांच्याकडे त्यांच्यातलाच माणूस जावा लागतो, म्हणून पीअर. पुण्याच्या कंपनीचं कोविडचं घरच्याघरी टेस्ट करायचं किट मे २०२१ मध्ये मंजूर झालं, साथ येऊन जेमतेम सव्वा वर्ष. एचआयव्हीसाठी सरकारी कार्यक्रमात तसं किट तेव्हा नव्हतं, त्यामुळे साइट बंद तर टेस्ट बंद.

याच काळात एक चांगलंही घडलं. जानेवारी २०२१ मध्ये हैदराबादला ट्रान्स लोकांसाठी मित्र क्लिनिक सुरू झालं, नंतर कल्याण आणि पुण्यालाही. तिथे हार्मोन्सचा सल्ला, मानसिक आरोग्य, एचआयव्ही टेस्ट सगळं एका छताखाली, आणि समोर बसलेली माणसं समाजातलीच. हार्मोन्ससाठी आलेली ट्रान्स बाई तिथे सहज टेस्ट करून जायची, जी सरकारी रांगेत कधीच उभी राहिली नसती. पैसा अमेरिकेच्या मदतीचा होता, २०२५ च्या जानेवारीत तिकडून मदत थांबवली आणि तिन्ही क्लिनिकं बंद पडली. हैदराबादचं नंतर इथल्या देणगीवर दुसऱ्या नावाने उभं राहिलं. कल्याणला जाणाऱ्या मुली आता मला विचारतात कुठे जाऊ, आणि ज्या दिवशी त्या हे विचारतात त्याच दिवशी ग्रुपवर येतं की बंद होतं तरी काय बिघडलं.

हा मेसेज तुमच्याकडे आला तर एवढंच लिहा की ८५ हजार हा सापडलेल्यांचा आकडा आहे, आणि खाली ६९ हजार आणि ६३ हजार हे आकडे टाका, पाठवणारा निदान वाचेल तरी. आणि तुमच्यापैकी कोणाची गोळी त्या काळात तुटली असेल आणि आता परत जायला लाज वाटत असेल, तर अजून उशीर झालेला नाही. कुठल्याही एआरटी सेंटरवर जा, जुनं पुस्तक हरवलं असलं तरी जा, मधे गॅप पडला हे खरं सांगा कारण त्यावरून कुठली गोळी द्यायची ते ठरतं. आधी फोनवर बोलायचं असेल तर नॅकोची हेल्पलाइन १०९७ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, नाव सांगावं लागत नाही. एकट्याने जायला भीती वाटत असेल तर तुमच्या भागातल्या संस्थेच्या पीअरला सांगा, तो बरोबर येईल.